मंगळवारचं लॉन

सोमवार, ४ ऑगस्ट

नवी नोकरी! घाटकोपरला मेट्रोत चढलं की थेट शेवटच्या स्टेशनला, वर्सोव्याला उतरायचं, आणि तिथून रमतगमत चालत ऑफिस. ऑफिस म्हणजे एका जुन्या बिल्डिंगचा तळमजला. पुढे माझं टेबल, मागे मालकांची काचेची केबिन, शेजारच्या गाळ्यात गवत कापायची मशीनं. मालक किरण पाटकर, वय पन्नाशीच्या आसपास, माणूस हसरा वाटला. आधीच्या कॉल सेंटरमधून मला का काढलं, ते मी खरं सांगून टाकलं. कस्टमरवर ओरडले म्हणून. ते म्हणाले, झकास, इथे ओरडणारीच टिकेल.

धंदा साधा आहे. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत ज्यांच्या नशिबात अंगण आहे अशा बंगल्यांची आणि सोसायट्यांची लॉन आमची माणसं दर आठवड्याला कापतात. कुणाचं लॉन कुठल्या वारी, हे ठरवायचं काम माझं. वाटतं तितकं सोपं नाही. मुलुंडचे एक काका एकादशीला गवताला हात लावू देत नाहीत, त्या दिवशी त्यात जीव असतो म्हणे. बोरिवलीच्या सोसायटीत रविवारी सकाळी लाफ्टर क्लब भरतो, त्यांना शनिवार हवा. घाटकोपरच्या एका बंगल्यात शनिवारी संध्याकाळी पार्टी असते, त्यांनाही शनिवारच. अंधेरीच्या एक बाई म्हणाल्या, बुधवार सोडून कधीही. तासाभरात त्यांचाच फोन, बुधवारी जमेल का? माणसं कमी, टेम्पो एक, आणि सगळ्या मुंबईला शनिवार पाहिजे. पण मी बसवलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना वार मिळाले, आणि एकही कस्टमर रागावला नाही. आईला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, आता टिक तिथे.

एकाच नावाला सरांनी हात लावू दिला नाही. मढचा बंगला, माधुरी केंकरे मॅडम, मंगळवार. बंगला शूटिंगला भाड्याने जातो. बाकी कुणाचाही वार हलव, हा नाही, असं सर दोनदा म्हणाले.

गुरुवार, ७ ऑगस्ट

डोकं फिरलंय. सकाळपासून या लोकांना मी यांची मोलकरीण वाटते. लाफ्टर क्लबवाले माझ्यावर खेकसले, हे विशेष.

दुपारी एक बाई आली, वाकोल्याहून, मालन नावाची. तिचा नवरा सहदेव आमच्याकडे मशीन चालवायचा. जूनमध्ये कामावर आला तो घरी गेलाच नाही. सर तिला सांगतात की तो सुरतेला कुणा बाईकडे पळाला. ती आत शिरली तेव्हा सर केबिनमध्येच होते. तिला बघून ते टेबलाखाली बसले आणि मला हाताने खुणा करायला लागले, नाही म्हणून सांग. सांगितलं मी. नोकरीचा चौथा दिवस, दुसरं काय करणार?

मालनने केबिनकडे बघितलं आणि म्हणाली, "सायबाचे बूट दिसतात टेबलाखाली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग राग आला, आणि तोही तिचाच! सर गेले बाजूला, मी तिच्यावरच डाफरले की नंतर या, इथे काम चालू आहे. ती शांतपणे म्हणाली की ती दर आठवड्याला येते, मी नवीन आहे म्हणून एवढं सांगते, आणि छत्री झटकून निघून गेली. तेव्हापासून माझा जीव जळतोय. टेबलाखाली लपणारा मालक! आणि मी त्याची वकील.

मंगळवार, १२ ऑगस्ट

धोंडिराम आमचा जुना माणूस, देवगडकडचा, सगळ्यात पक्का हात त्याचा. आज मढहून आला तो वैतागूनच. म्हणाला, बाकी सगळं लॉन बोटभर वाढलंय, पण मधोमध एका ठिकाणी गवत पोटरीपर्यंत येतं. एका आठवड्यात! काळपट हिरवं आणि चिवट. मशीन तिथे गेलं की घरघर करत थांबतं. मी म्हटलं, खत जास्त पडलं असेल. तो म्हणाला की त्याने तिथे कधी खत टाकलेलंच नाही.

मॅडमचा फोन संध्याकाळी. कापलं का? मधलं कापलं का? मुळापर्यंत? मी म्हटलं, हो मॅडम. मग म्हणाल्या, नक्की? आवाज असा की दातावर दात घासून बोलतायत.

बुधवार, २० ऑगस्ट

काल मुंबई तुंबली. टेम्पो मालाडपर्यंत जाऊन परत आला, मार्वे रोडला पाणीच पाणी. मी मढचं गुरुवारी ढकललं आणि मॅडमना तसं कळवलं. नम्रपणे कळवलं!

त्यानंतर त्या बाईने मला जे ऐकवलं ते मी आईच्या घरात लिहूसुद्धा शकत नाही. शेवट असा, "तुझ्यासारख्या मुली मी दारात उभ्या करत नाही." अगं बाई, पाणी मी साठवलं का? सरांना सांगितलं तर त्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, आजच्या आज कुणालातरी पाठव, होडीने पाठव. होड्या बंद आहेत, म्हटलं. तर टेबलावरचा ग्लास भिंतीवर फेकला त्यांनी. गवतासाठी! दोन बोटं गवत वाढेल म्हणून दोन मोठी माणसं एका मुलीच्या अंगावर येतात. काचा मीच उचलल्या. उचलताना ठरवलं की या बाईचा मंगळवार मी एकदा तरी मोडणार.

गुरुवार, २१ ऑगस्ट

धोंडिरामने मढहून फोटो पाठवला. मी तो दहा वेळा मोठा करून बघितला.

लॉनच्या मधोमध ते काळपट गवत गुडघाभर आलंय, आणि कसंही वाढलेलं नाही. डोकं आहे, खांदे आहेत. हात अंगालगत. दोन पाय, त्यातला एक आखूड, आत वळलेला. फोनवर धोंडिराम इतका घाबरला होता की त्याच्या तोंडून गावची बोली यायला लागली. "ताई, थंय गवत नाय गो, माणूस निजलेलो आसा."

मागून मॅडम ओरडत होत्या, कापा, कापा. त्याने कापलं. पात्यात गवत इतकं गुंतलं की हाताने सुटेना, म्हणून तो मशीन तसंच घेऊन आला. उद्या तेच मशीन मुलुंडला, परवा बोरिवलीला आणि घाटकोपरला. दुसरं बिघडलंय.

सोमवार, २५ ऑगस्ट

मालन आली. सर तिला बघून मागच्या दाराने सटकले. आज मी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. बोलता बोलता ती म्हणाली की सहदेव पळून जाणारा माणूसच नाही, त्याला धड पळताच येत नाही. लहानपणी झाडावरून पडला, उजवा पाय आखूड झाला, आत वळला. गर्दीत कुठेही ओळखू येईल असा तो चालतो.

दाखवावं की नाही, हा विचार करायला हवा होता. मी फोन काढला आणि फोटो तिच्यापुढे धरला.

ती रडली नाही. त्या आखूड पायावर बोट ठेवून बसून राहिली. मग विचारलं, "हे कापतं कोण?"

"आमची माणसं."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

मी म्हटलं, "माझ्या. वार मी लावते."

तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेपेक्षा तिने कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. मग तीच उठली आणि म्हणाली, चल. आम्ही पोलिसांकडे गेलो. तिथे सगळे गणपतीच्या बंदोबस्ताच्या गडबडीत. एकाने फोटो बघितला, हसला, म्हणाला, गवताची तक्रार बागवाल्याकडे करा, नवऱ्याचं काय ते विसर्जनानंतर बघू. मी तिथे ओरडले. पुन्हा ओरडले. मालननेच मला हाताला धरून बाहेर आणलं.

मंगळवार, २६ ऑगस्ट

उद्या गणपती. आमची सगळी माणसं गावाला गेली, धोंडिरामसकट. सर सकाळपासून माझ्या डोक्यावर. मढला कुणालाही पाठव, रस्त्यावरचा माळी पकड. मी म्हटलं, कुणी मिळत नाही. खोटं बोलले. एक जण तयार होता, त्याला मीच नको म्हणून सांगितलं.

मग मी विचारलं, सर, तुम्हीच का जात नाही? मशीन तर तुम्हालाही येतं. त्यांचा हात वर उठला. मी जागची हलले नाही. म्हटलं, मारा. हात खाली आला.

आज मंगळवार आणि मढचं लॉन कुणी कापलेलं नाही. बघू दे त्या बाईला काय उगवतं ते.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

मढला जायला वर्सोव्याच्या जेट्टीवरून फेरीबोट घेतली. मालन आणि मी.

बंगल्याचा वॉचमन पळालेला. गेट उघडंच. मॅडम वर खिडकीत, दारं सगळी आतून बंद. आणि लॉनवर—

तो निजलेला नाही आता. बसलाय. गुडघे पोटाशी घेऊन, डोकं खाली घालून. सगळा गवताचा, काळपट, ओला. वारा नव्हता. आजूबाजूचं एकही पातं हलत नव्हतं आणि त्याची पाठ हलत होती. वर, खाली. वर, खाली.

मी गेटला धरून उभी राहिले. मालन सरळ चालत गेली आणि त्याच्या शेजारी बसली, नवरा दमून आलाय आणि ही पाणी घेऊन बसलीय अशी.

वरून मॅडम किंचाळल्या की तिला बाजूला करा, मशीन आणा, कापा ते. मी पण किंचाळले, तिथे काय पुरलंय ते सांग आधी! आणि ती बाई बोलून गेली. भीतीने की रागाने, देव जाणे. "त्या किरणला विचार! मशीनची वायर त्याची होती, सोललेली! खड्डा त्याने खणला! माझं दुसऱ्या दिवशी शूटिंग होतं, मी काय करणार होते?"

शूटिंग होतं. म्हणून ओल्या गवतात शॉक लागून पडलेला माणूस खड्ड्यात टाकला, आणि वर नवीन लॉन अंथरलं. लोक त्यावर नाचले असतील. आणि दर मंगळवारी तो वर यायला बघायचा, आणि आम्ही त्याला कापायचो.

मालनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एवढंच म्हणाली, "उठा."

मी तिला ओढत गेटपर्यंत आणलं. मागे बघितलं नाही. आवाज आला. ओली मुळं जमिनीतून सुटतात तसा.

मंगळवार, २ सप्टेंबर

सकाळी पुन्हा पोलीस. बंगल्यावर जाऊन या, एवढंच मागत होते. मॅडमचा फोन लागत नाही म्हटलं, तर म्हणे श्रीमंत लोक गणपतीत गावाला जातात.

मालन परत एकटी मढला जाऊन आली. लॉनच्या मधे नुसता खड्डा आहे म्हणाली. मोकळा. वरची खिडकी उघडी, पडदा बाहेर लोंबतोय, हाका मारल्या तर उत्तर नाही.

आणि ऑफिसात फोन थांबत नाहीत. आधी बोरिवली. तुमच्या माणसांनी कुठलं रानगवत आणलंय आमच्यात? एकाच जागी वाढलंय, काळं, पाठीसारखं दिसतं, मुलं घाबरतात. मग मुलुंडचे काका. त्यांच्याकडे हाताचा पंजा. घाटकोपर, काय आहे ते सांगायलाच तयार नाहीत, फक्त आज या, आज या.

तेच मशीन. पात्यात अडकलेला तो आम्ही घरोघर वाटला. शुक्रवारी मुलुंड, शनिवारी बोरिवली, घाटकोपर. माझ्या वारांप्रमाणे.

ज्यांना शनिवार सोडून काही चालत नव्हतं, त्या सगळ्यांना आज मंगळवार हवाय. मी एकेकाला सांगितलं, कुणीही येणार नाही. हात लावू नका. शिव्या दिल्या त्यांनी. द्या.

बुधवार, ३ सप्टेंबर

बोरिवलीचा फोन. काळं गवत गेलं. कुणीतरी मुळासकट उपटून नेलं. चिखलात पाय उमटलेत. एक सरळ, एक वाकडा.

सर घरी जात नाहीत. केबिनमध्येच झोपतात. दाढी वाढलीय. मला म्हणाले, तू का सुट्टी घेत नाहीस? मी म्हटलं, मला बघायचंय.

खोटं नाही लिहीत. मला बघायचंय.

गुरुवार, ४ सप्टेंबर

मुलुंड. काका फोनवर रडत होते. पहाटे फुलं तोडायला बाहेर आले आणि त्यांनी त्याला बघितलं. खाली वाकून पंजा उचलत होता. मनगटाला लावत होता. काकांकडे बघितलं त्याने, आणि गेला.

काकांना काही केलं नाही. का नाही केलं? काकांनी वार मागितला होता. वार लावला कुणी?

धोंडिरामला गावी फोन करून सांगितलं, येऊ नकोस. त्याने विचारलं, ताई, आणि तू?

शुक्रवार, ५ सप्टेंबर

घाटकोपर. तेही गेलं. तिथे चेहरा होता.

सरांना मी उभं केलं आज. कॉलर धरून. वायर बदला असं सहदेव आधी म्हणाला होता का? म्हणाला होता. अनेकदा. मग? मग काही नाही. चालतंय ना, चालव, असं सांगितलं. आणि पडला तेव्हा? तेव्हा श्वास चालू होता का?

सरांनी कॉलर सोडवायला बघितली.

चालू होता का!

खाली बघून मान हलवली. हो अशी.

जिवंत. जिवंत पुरला. मालनला हे कसं सांगू? मी ते सगळं फोनवर रेकॉर्ड केलंय. मालनला पाठवलं. आता तरी पोलीस— उद्या विसर्जन. परवा.

शनिवार, ६ सप्टेंबर

दुपार. आले नसते तर बरं. पण पोलीस यायच्या आत सर पळतील, म्हणून आले. बाहेर ढोल. सगळा रस्ता वर्सोव्याच्या समुद्राकडे चाललाय. गुलाल. कुणाला काही ऐकू जाणार नाही.

गाळ्यातलं मशीन. त्याच्या पात्यात जे उरलं होतं ते वाढलंय. फरशीवर, भिंतीवर, दाराच्या फटीतून ऑफिसात. बोटं आहेत ती. शोधतायत.

मालनचा फोन आला. ती पोलीस घेऊन निघालीय, गर्दीत अडकलीय. म्हणाली, तू बाहेर पड गं पोरी. बाहेर पड.

पुढच्या दारातून? पुढच्या दारात तो आहे.

काचेतून दिसतोय. गर्दी त्याच्या बाजूने चाललीय, लोकांना वाटतंय सोंग आहे कुठल्यातरी मंडळाचं. एका मुलाने त्याच्यावर गुलाल टाकला. हिरव्यावर गुलाबी. तो वळलाच नाही. इकडेच बघतोय. ओल्या, ताज्या कापलेल्या गवताचा वास. नाकात. तोंडात.

सर पाय धरतायत माझे. कपाट ओढ, टेबल लाव. मागचं दार गाळ्यातून आहे, तिथे ती बोटं—

दार वाजतंय. जोरात नाही. कामावर आलेला माणूस वाजवतो तसं.

भीती वाटतेय. लिहिताना अक्षर— आई, मला भीती वाटतेय. दर मंगळवारी कापा म्हणून मीच सांगायचे. मला माहीत नव्हतं. त्याला कुठे माहीत की मला माहीत नव्हतं.

पण हा माणूस खाली बसून रडतोय आणि अजूनही म्हणतोय, माझी काय चूक? माझी काय चूक!

राग भीतीपेक्षा मोठा आहे. आत्ता तरी आहे. तेवढ्यात उठते.

कडी काढते मी. आधी सांगेन त्याला, सहदेवदादा, मालन येतेय, थांबा. सांगेन की हा बघा इथे आहे, आणि मी श्रुतिका, मी फक्त वार—